उजवीकडचा भात

त्या दिवशी सकाळी भात उजवीकडे होता.

मी बसले होते तशीच राहिले. समोर आमचं बुटकं टेबल, त्यावर झाकण काढलेला वाडगा, वाफ सरळ वर चाललेली. इतके दिवस मला या टेबलावर भात दिसतच नव्हता. सार दिसायचं, भाजलेला मासा दिसायचा, चमचा दिसायचा. स्वयंपाकघरातून विजेचा बोलका कुकर त्याच्या त्या नाजूक बाईच्या आवाजात भात तयार असल्याचं सांगायचा, वास घरभर फिरायचा, आणि टेबलावर भात नाही. मी काही बोलायची नाही. जन्मभर दुसऱ्यांना वाढत आलेल्या बाईला भात मागायची सवय नसते. मनात म्हणायचे, आजाऱ्याला बंद केला असेल डॉक्टरांनी. आणि आज भात आला होता, पण उजव्या हाताला. आमच्याकडे जिवंत माणसाचा भात डाव्या हाताला असतो आणि सार उजव्या. लहान पोर चमचा धरायला शिकतं तेव्हाच हे त्याच्या हातात बसतं. उजव्या हाताला भात वाढतात तो फक्त गेलेल्यांना, तिथीच्या दिवशी.

म्हणजे मी गेले, असं मला वाटलं. आणि ते इतकं सहज पटलं की भीती अशी वाटलीच नाही. थोडा राग आला. कुणी सांगितलं का नाही? आपल्याच घरात माणसाला ही गोष्ट भाताच्या वाडग्यावरून कळावी?

पटलं, कारण बरेच दिवस घर माझ्याशी विचित्र वागत होतं. मी चालायला लागले की खांद्याला दाराची चौकट लागायची, आणि चौकट तर तिथे नसायची. केस विंचरून आरशासमोरून उठले की मीरान, आमची मुलगी, हसल्यासारखं करायची आणि माझ्या हातातून फणी घेऊन कुठेतरी पुन्हा विंचरायला लागायची. सपात एकच पायात यायची. माणसं बोलायची, पण कुठून बोलतात ते कळायचं नाही. आवाज भिंतीतून आल्यासारखे यायचे आणि मी समोरच्या कपाटाला उत्तर द्यायचे. एखादी वस्तू हरवली की मी बसल्या जागी उजवीकडे वळायचे, वळत वळत पुरा फेर घ्यायचे, आणि मग ती सापडायची. लहानपणी वान्दो बेटावर आम्ही मुली पुनवेला वाळूत हात धरून फेर धरायचो. तेव्हाचं गाणं अशा वेळी तोंडात यायचं:

एक हात सईला दे, एक हात चंद्राला दे,
फेर मोडू नको गं बाई, मधे कुणी नाही गं.

वसंतात मासळीबाजारात मी पडले. हातात सुरमईची पिशवी होती, ती पडल्याचं मला आठवतं, मी पडल्याचं नाही. इस्पितळात शुद्ध आली तेव्हा एक तरुण डॉक्टरीण पलंगाशी उभी होती. गोल चेहरा, शाळकरी मुलीसारखा आखूड केसांचा. ती म्हणाली, "ओक्बुन मावशी, मेंदूच्या उजव्या भागातली रक्ताची वाट बंद झाली होती. तुमचा डावा हात अशक्त झालाय, तो हळूहळू येईल. पण तुम्हाला डावीकडचं जग सापडत नाहीये."

"डोळे गेले?"

"डोळे उत्तम आहेत. डोळे सगळं बघतात आणि बातमी आत पाठवतात. पण आत जो बसलाय ना, तो डावीकडून आलेली बातमी उघडतच नाही."

"आत कोण बसलंय?"

ती हसली. "तुम्हीच, मावशी."

मला तिचं म्हणणं समजलं. दूरच्या देशात दुष्काळ पडलाय हे जसं समजतं तसं. पण जे नाही ते नाही म्हणून जाणवावं लागतं ना? दात पडला तर जीभ सारखी तिथे जाते. माझ्या जगातला अर्धा भाग पडला आणि जीभ जायला तिथे खड्डाही राहिला नाही. माझं जग मला पुरंच होतं. लोकच काही तरी भलत्या जागेबद्दल बोलत होते.

मग तिने एक खेळ केला. डोळे मिटायला सांगितले. म्हणाली, "तुमच्या गावातली धक्क्याकडे जाणारी गल्ली आठवा. शाळेपाशी उभ्या राहा, तोंड समुद्राकडे. काय काय दिसतं ते सांगा." मी सांगितलं. समुद्री शेवाळ वाळवायचे मांडव, मिठाचं गोदाम, शेवयांचं दुकान, त्याच्या पायरीवर बसलेला लंगडा कुत्रा, मग धक्का. "बरं. आता धक्क्यावर जा आणि मागे वळा, तोंड शाळेकडे. आता?" आता बर्फाचा कारखाना होता, शिंप्याचं दुकान होतं, वाकडं तेंदूचं झाड होतं, आणि त्या झाडाखाली आमचं घर. माझं माहेर. पहिल्या वेळी मी माझ्या माहेरावरून चालत गेले होते आणि ते मला दिसलं नव्हतं. मिटलेल्या डोळ्यांनी चालत होते, आणि तरी. मी डोळे उघडले तेव्हा डॉक्टरीण कुणाच्या तरी हातात कागदी रुमाल देत होती, पण तो हात कुणाचा ते मला दिसलं नाही.

तो मीरानच्या बाबांचा होता. हे मला मीरानने नंतर सांगितलं.

मीरानचे बाबा, दोंगपिल त्यांचं नाव, योंग्दोच्या जहाज दुरुस्तीच्या गोदीत होते. जहाजाच्या पोटावरचा गंज हातोड्याने ठोकून काढायचा. दिवसभर लोखंडावर लोखंड. मीरान चालायला लागली त्या सुमारास त्यांचा डावा कान गेला. तेव्हापासून ते माझ्या डाव्या बाजूला बसायला लागले, म्हणजे त्यांचा उजवा कान माझ्याकडे राहील. बसमध्ये, देवळाच्या पायरीवर, जेवताना, झोपताना. कुणी ठरवलं नव्हतं, तसं होत गेलं. चुकून मी त्यांच्या पलीकडे बसले तर ते उठून बाजू बदलायचे. शेजारीण चेष्टा करायची, "काय हो, बायकोभोवती फिरता की बायको हरवलीय?" ते म्हणायचे, "शिव्या नीट ऐकू याव्यात म्हणून." तीस वर्षं माझी डावी बाजू म्हणजे ते होते. मी बोलायचे ते डावीकडे बोलायचे. भांडायचे ते डावीकडे.

गल्लीतून घर गेलं तसे ते माझ्यातून गेले. हे मला कसं कळणार? मला एवढंच वाटायचं की दिवस फार शांत आहेत. आणि मागचंही शांत. मीरानच्या शाळेच्या खेळांचा दिवस आठवायचा. मैदानात पसरलेली चटई, शेवाळात गुंडाळलेला भात, मीरानचे धुळीने भरलेले मोजे, चटईवर ती आणि मी. ग्योंग्जूला गेलो तेव्हाची बस आठवायची. खिडकीबाहेर चेरीची झाडं, माझ्या मांडीवर झोपलेली मीरान, आणि मी. भाड्याच्या पहिल्या खोलीतली थंडी, तापलेल्या जमिनीवर अंथरलेली एक गादी, तीत मी. कुठेच दुसरं कुणी नव्हतं, आणि नसल्याचं दुःखही नव्हतं. लांबट चित्रांची ओळ, प्रत्येक चित्र आपल्या आपल्यात पुरं.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी मीरान मला कलिंगड भरवत होती. मी सहज म्हणाले, "किती गं कष्ट काढले मी. तुला एकटीने वाढवलं."

तिचा हात थांबला. "एकटीने?"

"मग? होतं कोण?"

ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या पलीकडे बघत होती. मग कुठून तरी, भिंतीतून आल्यासारखा, गळा खाकरल्याचा आवाज आला आणि दार हळूच लागलं. मी कपाटाला विचारलं, "कोण आलंय?" मीरान म्हणाली, "कुणी नाही आई, खा." कलिंगड पाणचट होतं. ते तिथेच बसले होते, माझ्या डाव्या हाताशी, चांगला कान माझ्याकडे करून. हेही मला पुढे मीरानच्या तोंडूनच कळलं, तेही ती रागात होती म्हणून.

आता भात उजवीकडे होता आणि सगळ्याचा मेळ बसत होता. मी मेलेलीच असणार. म्हणून चौकटी लागतात, म्हणून आवाज भिंतीतून येतात, म्हणून नवरा दिसत नाही. ते जिवंतांत आहेत, मी इकडे. मला सासूबाई आठवल्या. लग्नानंतरच्या पहिल्या श्राद्धाला, सासऱ्यांच्या, त्यांनी मला ताट मांडायला सांगितलं. बायकांनी मांडायचं, पुरुषांनी उदबत्ती लावून, मद्य ओतून वाकायचं, अशी आमच्या घरची रीत. मी भिंतीशी ठेवलेल्या त्यांच्या नावाच्या पाटीसमोर टेबल लावलं आणि पाटीच्या बाजूला जाऊन, जणू तिथे सासरे मांडी घालून बसलेत अशा बेताने, त्यांच्या डाव्या हाताला भात ठेवला. जिवंत माणसाला वाढतात तसा. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"तुझ्या सासऱ्याला परत बोलावतेस की काय? गेलेल्याचं सगळं उलटं. त्याच्या उजव्या हाताला भात."

"मग मांडताना गोंधळ होणार, आई."

"होत नाही. तू इकडे ये, माझ्या शेजारी, आपल्या बाजूला. इथून बघ. रोजच्यासारखंच मांड. डावीकडे भात, उजवीकडे सार. आपल्याला सरळ ते त्यांना उलटं. ते समोरून बसतात ना." मग हळूच म्हणाल्या, "पुरुषांना हे कळत नाही. ते नुसतं पाठ म्हणतात, मेलेल्याचं उलटं, मेलेल्याचं उलटं. खाली वाकलेल्याला ताट कुठून दिसणार?"

भातात चमचा उभा खोचून सगळे मान खाली घालायचे. थोडे घास खाऊन होतील इतका वेळ कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. गेलेले येतात, वाफ घेतात. ते भाताला हात लावत नाहीत.

म्हणून मीही हात लावला नाही. नीट बसले, पाठ ताठ करून, आणि वाफ घेतली. वाफ चांगली होती. नवा तांदूळ असावा.

"आई, खा ना. दिसतोय ना भात? बघ, समोर ठेवलाय मी." हा मीरानचा आवाज. ती समोरून उजवीकडे आली तेव्हा मला दिसली, कामावर जायच्या कपड्यांत. आणि मागोमाग दुसरा आवाज, घोगरा, भिंतीतला.

"हे कुणी मांडलं?"

"मी."

"जिवंत आईपुढे मेलेल्याचं ताट मांडतेस? आजी असती तर हात मोडला असता तुझा."

"बाबा, तिला डावीकडचं दिसत नाही! तुम्ही रोज भात डावीकडे ठेवता आणि ती रोज नुसतं सार पिते. कपडे बघा तिचे, हॅंगरला लावल्यासारखे झालेत."

"मी भरवतो."

"भरवता, आणि ती तोंड फिरवते. तिला कळतच नाही कोण भरवतंय! चमचा येतो कुठून ते दिसत नाही, ती घाबरते. वाडगा फिरवून ठेवा म्हटलं तर तेही नाही."

"तेवढं सोडून काहीही सांग."

"मग सोमवारी डॉक्टरीणबाई वजन बघतील आणि म्हाताऱ्यांच्या इस्पितळात पाठवतील. नाकात नळी घालतील. तिथे कुणी बघत बसणार नाही ताट जिवंताचं की मेलेल्याचं. चालेल तुम्हाला?"

"चालत नाही. म्हणून तर—" आणि ते थांबले.

मला वाटलं आता बोलावं. म्हणाले, "भांडू नका. माणूस गेलेल्या घरात भांडू नये."

"कोण गेलं?" घोगरा आवाज म्हणाला.

"मी."

"कुणी सांगितलं?"

"भाताने."

मीरान रडायला लागली, तोंडावर हात ठेवून. तिचा हात दिसत होता, बोटांवरची लाल नखं. मग भिंतीतला आवाज जवळ आला आणि अगदी रोजच्यासारखं, तीस वर्षांसारखं म्हणाला, "मेलेली बाई इतकी बडबड करत नसते." वाडगा उचलला गेला. त्यांनी तो डावीकडे ठेवला असणार, कारण तो नाहीसा झाला.

त्या दिवशी मी काही खाल्लं नाही. सारही नाही. मनातून मी तिकडची होते, आणि तिकडच्या माणसाने घराला जास्त त्रास देऊ नये. मीरान कामावर गेल्यावर दुपारभर घरात सरकवल्याचे, ओढल्याचे आवाज येत राहिले. कुणी तरी पाण्याचा नळ सोडत होतं, बंद करत होतं. मी खिडकीतून बंदराकडे बघत होते. धक्क्याला एक मोठं जहाज लागलं होतं, म्हणजे अर्धं जहाज, पुढच्या टोकापासून पोटापर्यंत, आणि त्या पोटावर माणसं हातोडे मारत होती. टण टण टण टण. तो आवाज ऐकताना मला झोपेत घाम आलेलं एक कानशील आठवलं. खारट, गंजाच्या वासाचं. कुणाचं ते आठवेना. मी फेर घ्यायचा प्रयत्न केला, उजवीकडे, आणखी उजवीकडे, पण आठवणीत कुणाला बसल्या जागी वळता येतं? डॉक्टरीण म्हणाली होती, धक्क्यावर जा आणि मागे वळा. मी मिटल्या डोळ्यांनी ग्योंग्जूच्या बसमध्ये गेले. सीटवरून उठले, मीरानला मांडीवरून खाली ठेवलं, ड्रायव्हरपाशी जाऊन उभी राहिले आणि मागे तोंड केलं. बस भरलेली होती. सीटवर एक बाई बसली होती, हिरव्या स्वेटरची, मीच ती. आणि तिच्या शेजारी, आता माझ्या उजव्या हाताला, एक माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता. तिच्या खांद्यावर त्याचं डोकं. एवढा जड माणूस, आणि तिला तो सगळी वाट पेलवला होता.

मग बस गेली. पुन्हा आणता आली नाही.

संध्याकाळी मला कुणी तरी हाताला धरून उठवलं आणि जागा बदलून बसवलं. पाठीला भिंत लागली. ही भिंत मला माहीत होती. तिथीला सासूबाईंच्या नावाची पाटी इथेच ठेवायचो. समोर टेबल सरकत आलं. टेबलापलीकडे उशी टाकल्याचा आवाज झाला, गुडघे मोडल्याचा कटकट आवाज झाला, आणि माझ्यासमोर मीरानच्या बाबांचा अर्धा चेहरा आला.

केवढे म्हातारे झाले होते. भुवईवरचा ठिणगीचा जुना डाग, खाली ओघळलेला डोळा, तो बिनकामाचा कान. टेबलावर, माझ्या उजव्या हाताला, पितळेचा मोठा वाडगा होता, पाहुणे आले की भात कालवायला काढतो तो. त्यात भात, वर भाजीची हिरवी पानं, तिळाच्या तेलाचा वास. दोन चमचे.

"खा," ते म्हणाले.

"भात उजवीकडे आहे."

"काय?" त्यांनी मान वळवली, चांगला कान पुढे आला. तसं करताना चेहरा माझ्या दिसणाऱ्या बाजूला सरकला आणि तो दुसरा गाल आला. तीस वर्षं जो माझ्या शेजारी असायचा तो. दाढी करताना कापलेला.

"भात उजवीकडे आहे म्हटलं. मेलेल्यांचा."

"तुझ्या उजवीकडे असेल. माझ्या डावीकडे आहे." त्यांनी चमच्याने वाडग्यावर टकटक केलं. "ताट कुणाचं ते बघावं. हे माझं ताट आहे. माझ्या डाव्या हाताला भात, उजव्या हाताला सार. सरळ मांडलंय. तू समोरून आलीयस आणि माझ्यातलं खातेस. त्यात काही वाईट नाही. दुपारभर विचार केला मी."

ते माझ्याकडे बघत होते, परीक्षेचा पेपर देऊन आलेल्या पोरासारखे. एका माणसाने दुपारभर घरात टेबल इकडून तिकडे ओढून, एकदा या बाजूला बसून, एकदा त्या बाजूला बसून, शेवटी ही जागा शोधली होती. आणि मला सासूबाईंचं मनगटावरचं बोट जाणवलं. इथून बघ. आपल्याला सरळ ते त्यांना उलटं. ते समोरून बसतात ना. इतकी वर्षं या माणसाने याच भिंतीसमोर उदबत्ती लावली, वाकला, आणि त्याच्या लक्षात आलं नाही की गेलेल्यांना आपण नेमकं असंच वाढतो. आपल्या बाजूने सरळ. समोर बसवून.

सांगितलं असतं तर त्यांनी वाडगा पुन्हा उचलला असता. सोमवार आला असता, आणि ती नळी.

लग्नाच्या दिवशी आम्ही असेच बसलो होतो, आमच्या वाकड्या तेंदूच्या झाडाखाली, मधे टेबल, या बाजूला मी, त्या बाजूला ते. नवरीने वर बघायचं नसतं. मी पूर्ण वेळ टेबलाच्या कडेकडे बघत होते आणि त्यांचे फक्त हात मला दिसले होते, नखांत गंज भरलेले. म्हणजे त्या आठवणीत ते आहेत. डावीकडे नाहीत, समोर आहेत. ती कुणी नेलेली नाही.

"काय बघतेस?"

"अर्धेच दिसताय."

"अर्धाच राहिलोय. खा आता, निवतंय."

"तुमच्या त्या कानाशी केस वाढलेत."

"मेलेली बाई नवऱ्याचे केस बघत नसते." आणि त्यांनी स्वतःच्या बाजूने एक चमचा भात घेतला, आणि माझी वाट बघत तो तोंडाशी धरून ठेवला.

मी चमचा उचलला. सासूबाईंचं बोलणं गिळलं आणि त्यावर घास घेतला. भात गरम होता. जीभ पोळली. गेलेल्यांना भात गरम लागतो की नाही, ते सासूबाईंनी मला कधी सांगितलं नव्हतं.